वाळूच्या पट्ट्याचा आकडा

तणनाशक कपाशीला किती बाधलं, हे आमच्याकडे नजरेनेच ठरतं. दोघांनी वाफा बघायचा, मग एकमेकांकडे पाठ करून एकदम आकडा बोलायचा. शून्य म्हणजे रोप ठणठणीत, शंभर म्हणजे मेलं. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा बघून पुन्हा बोलायचं. तरीही नाही जुळले, तर जुन्याचा आकडा धरायचा आणि नव्याची नजर कच्ची म्हणून त्याला काढायचं. जुना मी. नवी माझी मेहुणी. राहते आमच्याकडे, नोकरीला लागली माझ्या शब्दावर. घरी बायकोचा पहारा होताच, आता शेतावर तिची बहीण.

औषध आमच्याच कंपनीचं, नवं. पेरणी झाली की मातीवर मारायचं, पुढे कित्येक आठवडे तण डोकं वर काढत नाही. बियाण्यातही ते सोसेल असं जनुक घातलेलं. काळ्या जमिनीत कपाशीने ते सोसलं, खोटं कशाला बोलू. पण खालच्या वाळूच्या पट्ट्यात पावसाने औषध थेट मुळांपाशी नेलं आणि रोपं पांढरीफटक पडली. इथे आकडा कमी लागला, तर पुढच्या हंगामात वाळूची जमीन असलेलेही हे औषध मारणार आणि उभं पीक घालवून बसणार.

कंपनीचे साहेब सकाळपासून बांधावर ठाण मांडून होते. "थंडीनेही पानं पांढरी पडतात," कोणी विचारलं नसताना म्हणाले. मी मानेवरचा घाम पुसला.

निघताना बायको म्हणाली होती, "उगाच शहाणपणा करू नका. राहतं घर कंपनीचं आहे." मी मान डोलावली. नवऱ्याच्या मान डोलावण्याला काही अर्थ नसतो, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं. मेहुणी पडली हट्टी, दिसेल तेच बोलणार. दोघांनी चाळीस म्हटलं की साहेबांचा नाइलाज होईल, असा माझा हिशेब.

"बोला," साहेब म्हणाले.

"चाळीस," मी म्हणालो.

"पाच," पाठीमागून आवाज आला.

मी वळलो. तिचा चेहरा उतरला होता. "ताई म्हणाली, भाऊजींच्या पोटावर पाय देऊ नकोस," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही पाचच म्हणणार." बायकोने एका दगडात दोन पक्षी मारले होते. मला भयंकर राग आला, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं.

"पुन्हा बघा," साहेब म्हणाले. "नवीन बाईंची नजर बसत नसेल, तर तसं सांगा."

मी वाकलो. पांढरी पानं पांढरीच होती. पण माझ्या डोळ्यांपुढे मेहुणी होती. घाबरलेली पोर आता पाचावरच अडून बसणार. मी चाळीसवर राहिलो तर तिची नोकरी जाणार, तीही मीच लावलेली. आम्ही पाठ केली.

"पाच," मी म्हणालो.

"चाळीस," ती म्हणाली. या वेळी आवाज खणखणीत होता.

साहेबांनी जुन्याचा, म्हणजे माझा, पाचचा आकडा लिहून घेतला. "बाईंची नजर बसली नाही," ते म्हणाले. "उद्यापासून दुसरं कोणी आणा."

तिने डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. "भाऊजी, तुम्हाला दिसलं होतं ना?" एवढंच विचारलं. साहेब माझ्याकडे बघत होते.

"पुढच्या वाफ्याकडे चला," ते म्हणाले, आणि मी गेलो.