न सांगता ठेवलेला हात

मी एक जुने हेलिकॉप्टर आहे, आता शेपूट नसलेले. दुरुस्तीच्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी मला उभे केले आहे. मित्रांनो, मी कधी कोणाला पुरातून उचलले नाही. माझ्यात बसून मुले उडायला शिकली, एवढेच माझे काम. "हे गरीब आहे, लाथ मारत नाही," असे मेकॅनिककाका नव्या मुलांना सांगत आणि मला बरे वाटे.

माझ्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसत. दोघांच्याही डाव्या हाताला मला वर-खाली नेणारा एकेक दांडा असतो. दोन्ही दांडे आतून जोडलेले. एक हलला की दुसराही हलतो. म्हणून नियम असा, की देणाऱ्याने 'दिलं' म्हणायचे, घेणाऱ्याने 'घेतलं' म्हणायचे आणि मगच हात सोडायचा. पण आमचे सर मायाळू होते. मूल चुकते आहे असे दिसले, की ते न बोलता आपल्या दांड्यावर दोन बोटे ठेवत. मुलाला वाटे, आपल्यालाच जमले.

एक मुलगी मात्र फार हुशार होती. काका तिला चिमणी म्हणत. त्या बोटांचा हलका भार तिला लगेच कळे.

त्या दिवशी इंजिन बंद पडल्याचा सराव होता. अशा वेळी दांडा खाली दाबून घसरत यायचे. खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की दांडा वर ओढायचा आणि अलगद टेकायचे. चिमणी अगदी नीट उतरत होती. जमीन जवळ आली तशी सरांनी सवयीने बोटे ठेवली. तिला वाटले, सरांनी घेतले. तिने हात सोडला. सरांना वाटले, तीच ओढते आहे. दांडा कोणीच ओढला नाही.

मी आपटले. माझ्याच पात्याने माझी शेपूट तोडली. सरांच्या पाठीचा मणका मोडला.

चौकशीत चिमणी म्हणाली, की तिनेच दांडा सोडला. साहेब मंडळी तिचे नाव कायमचे कमी करणार होती. तेवढ्यात सर पाठीला पट्टा बांधून आले.

"हात माझाही होता," ते म्हणाले. "न सांगता ठेवला. मी नेहमी तसाच ठेवतो."

सरांचे उडणे संपले. चिमणीला परत बोलावले, पण ती कितीतरी दिवस आली नाही.

काल आली. नव्या हेलिकॉप्टरकडे न जाता माझ्यात बसली आणि दांडा घट्ट धरला. काका बाजूला बसले.

"चिमणे, सोड आता. नवं वाट बघतंय."

"दिलं," ती म्हणाली, पण हात तसाच. "तुम्ही घेतलं म्हणा, मग सोडते."

काकांनी दांडा धरला. "घेतलं."

तिने एकेक बोट उचलले आणि ती उतरली.

मित्रांनो, मला नवी शेपूट नको. कोणाला सावरायला हात पुढे कराल, तेव्हा तेवढे तोंडाने सांगा.