चंद्राच्या कंपनीचा गोळा मी ओढला

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. जुना म्हटलं की लोक आधी भोकं मोजतात. मोजा बापा! एकच आहे, आणि तेही डांबरानं बुजवलेलं आहे.

चामोर्शीकडच्या एका गावात इस्तारीभाऊच्या बापानं मला एकाच थोराड खोडातून कोरलं. वाकसाचे घाव बसत होते तेव्हा मी मनातल्या मनात त्याला खूप शिव्या दिल्या. पण तलावात उतरलो, तरंगलो, आणि सगळा राग गेला. पुढे कितीतरी वर्षं इस्तारीभाऊ माझ्यात उभा राहून जाळं टाकत होता. त्याची बायको गोकुळाबाई माझ्या अंगावर हात ठेवून म्हणायची, "हा डोंगा नाई, घरातला कमावता पोरगा व्हय." तेव्हा माझी ऐट काय सांगू!

मग मासे धरायला टायरच्या ट्यूबा आल्या. हलक्या, डोक्यावर घेऊन पळता येणाऱ्या. सगळं गाव त्यांच्यामागे गेलं आणि मी तलावाच्या पाळीवर पालथा पडलो. माझ्या पाठीवर शेळ्या चढायच्या, बाया गोधड्या वाळत घालायच्या. वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

एका उन्हाळ्यात संध्याकाळी आभाळातून जळत्या रेघा गेल्या. लोक अंगणात येऊन ओरडू लागले, "तारा तुटला, तारा तुटला!" तेवढ्यात तलावात धप्पकन काहीतरी पडलं. पाणी माझ्यापर्यंत उडालं. सकाळी बघतो तर कमळाच्या वेलांत काळपट धातूचा एक गोळा अडकलेला. हंड्याएवढा, आणि एका बाजूनं पत्रा फाटून बाहेर आलेला. नशीब, पाण्यात कोणी नव्हतं.

तो एका परदेशी कंपनीच्या रॉकेटमधल्या गॅसच्या टाकीचा गोळा होता. ही कंपनी चंद्रावर खाणी खणायला निघाली आहे. तिथलं पाणी आणि धातू काढून विकणार म्हणे. साहेबलोक आले, गोळ्यात विषारी गॅस असेल म्हणाले आणि त्यांनी तलाव बंद केला. कंपनीनंही कळवलं, "गोळा आमचा आहे. आमची माणसं महिन्याभरानं येतील. तोवर हात लावू नका."

महिनाभर! मित्रांनो, वैशाख तापला होता. पाणी रोज खाली जात होतं. मच्छीमार संस्थेनं पावसाळ्यात सोडलेलं मत्स्यबीज आता हातभर वाढलं होतं आणि साऱ्या ढिवरांच्या घरांचं पोट त्याच मासळीवर होतं. दुपारच्या गरम पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काही मरून तरंगू लागले. गोकुळाबाई पाळीवर बसून बघत राहायची. "पोटचं लेकरू तडफडून राह्यलं, अन् मले जवळ जाऊ देऊन नाई राह्यले," म्हणायची. उन्हानं माझं लाकूड तडकत होतं, पण तिचं बोलणं मला त्याहून जास्त लागायचं.

तिची सून भाग्यश्री संस्थेची सचिव. ती रोज तहसील कचेरीत जाऊन बसायला लागली. "पाणी तपासा जी. विष असन तं मासे आमीच पुरतो. नसन तं उगाच काऊन मारता?" साहेब उठून गेले तरी ही उठायची नाही. शेवटी तपासणारे आले. त्यांनी यंत्रं लावून पाहिलं. पाणी चांगलं होतं आणि गोळा रिकामा होता. कंपनीनंही घाईघाईनं नागपुरातून आपला माणूस धाडला. त्याचं नाव पवन. आता गोळा बाहेर काढला की तलाव मोकळा होणार होता.

पण काढणार कसा? त्या फाटक्या पत्र्याजवळ ट्यूब नेली असती तर ती फुटलीच असती. इस्तारीभाऊनं माझ्याकडे बघितलं आणि आवाज दिला, "बुढ्याले काढा रे!" चौघांनी मला सरळ केलं, डांबर लावलं आणि ढकललं. अंगाला पाणी लागलं आणि खरं सांगतो, माझ्या जिवात जीव आला. दोरानं बांधलेला गोळा मी काठाला ओढून आणला. पत्रा माझ्या कडेला चांगला रुतला. रुतेना का, मी काय रबर आहे फुटायला!

पवन गोळ्याभोवती फिरून म्हणाला, "कायद्यानं, खाली पडलेला तुकडासुद्धा रॉकेट सोडणाऱ्याचाच असतो."

"अन् चंद्र कोणाचा जी?" भाग्यश्रीनं विचारलं.

"चंद्र कोणाचाच नाही. पण तिथून जो जे खणून काढेल ते त्याचं, असा कायदा काही देशांनी केलाय."

"वा भाऊ! पडलं तेबी तुमचं, अन् कोणाचं नाई तेबी तुमचंच!"

सगळी पाळ हसली. पवनही हसला. माणूस वाईट नव्हता.

काठावर उभ्या साहेबांनी तिथंच तलाव मोकळा केला. गोकुळाबाई मटकन खाली बसली आणि रडली. मग पदरानं तोंड पुसून ओरडली, "पाहून काय राह्यले? चाला ना!" ट्यूबा धडाधड पाण्यात उतरल्या, मध्यावर गेल्या आणि थांबल्या. मी अजून काठालाच होतो. माझ्या तडकलेल्या बुडातून पाणी येत होतं आणि इस्तारीभाऊ ते उपसत होता. तिकडे कोणीच जाळं टाकेना.

पवनला राहवेना. "थांबले कशाला? आधी पोचले त्यांना जास्त मिळेल ना?"

"मंग मागच्याले का चिखल?" गोकुळाबाई म्हणाली. "सारे उतरल्याबिगर जाळं पडत नाई आमच्या इथी."

मी डुगडुगत मध्यावर पोचलो. इस्तारीभाऊनं हाळी दिली आणि सगळी जाळी एकदम पडली. रोहू, कतला, मरळ, सगळे जिवंत, फडफडणारे! हुश्श! त्या दिवशी चामोर्शीच्या बाजारात आमच्या तलावाची मासळी गेली आणि रात्री गावात चुली उशिरापर्यंत पेटत्या होत्या.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या चंद्रावर जाईल. जा, खुशाल जा, मला आनंदच वाटेल. फक्त खणायला सुरुवात करण्याआधी एकदा मागं वळून बघा. कोणी माझ्यासारखा जड, जुना, पाणी उपसत येत असेल. त्यालाही पोचू द्या.