त्राइलोच्या वाट्याचा ग्लास

स्तानामावशी दार वाजवत नाही. अंगणातल्या माझ्या कुत्र्याला दोन शिव्या ऐकू आल्या की समजायचं, मावशी आली. त्या दिवशी मात्र ती कुत्र्यालाही काही बोलली नाही. धुक्यानं ओली झालेली शाल तशीच अंगावर ठेवून आत आली, चुलीजवळच्या बाकावर टेकली आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळत राहिली. शिंपी न्याहाळतो तसं.

"उभा राहा बघू, राडिम."

मी उभा राहिलो.

"वळ."

वळलो.

"खांदे तेवढेच आहेत," ती स्वतःशीच पुटपुटली. "वय काय तुझं?"

"बावन्न."

"त्याचंही तेच."

मग मला उमगलं. तिचा लेक त्राइलो व्हिएन्नात वारला होता. पेटीतून गावी आला. पेटी बंद होती, उघडू दिली नाही, तशीच वर टेकडीवर पुरली. आता चाळिसाव्या दिवसाचं जेवण आलं होतं, पोमाना. पूर्व सर्बियातल्या आमच्या होमोल्येच्या डोंगरात, व्लाख लोकांच्या घरांत, या जेवणाला मेलेला माणूस स्वतः येऊन बसतो. म्हणजे त्याच्या वयाचा, त्याच्या अंगलटीचा कुणी जिवंत माणूस त्याच्या जागी बसवतात. त्याला नवे कपडे चढवतात. तो इकडं जेवला की तिकडं मेलेला जेवला.

"मावशी, अगं मी चेक आहे."

"मग? चेक लोकांना पोट नसतं?"

"गावातलं कुणीतरी बघ ना."

"कोण बघू? नाव सांग. त्याच्या वयाचे सगळे व्हिएन्नात भिंतींना गिलावा करतायत. इथं त्यांची घरं आहेत, दोन दोन मजली, दाराशी सिमेंटचे सिंह. सिंहाला बसवू जेवायला?"

मी या डोंगरात खाणीचे पंप बसवायला आलो होतो. काम संपलं, बरोबरीचे परत गेले, मी राहून गेलो. गावचे पुरुष पोटामागं परदेशी गेले आणि त्यांच्या गावात परदेशी म्हणून मी उरलो. संध्याकाळी जीकाच्या दुकानापुढच्या बाकावर मी झायेचारची बिअर घेऊन बसतो, तेव्हा जीका न चुकता म्हणतो, "बिअरच्या देशातून पळून येऊन आमच्याकडं बिअर पिणारा गाढव आम्ही एकच पाहिला." मी म्हणतो, "बिअर तिकडं बरी आहे. बाक इकडं बरा आहे."

"नीट ऐक," मावशी म्हणाली. "मी त्याचं नाव घेऊन जे तुझ्या हातात देईन ते खायचं, प्यायचं. खाली ठेवायचं नाही. तू नाकारलंस म्हणजे त्यानं नाकारलं. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मेलेली माणसं बोलत नाहीत. फक्त 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं."

बोगदाप्रोस्ते. देव क्षमा करो. कुणाच्या नावानं दिलेलं घेतलं की एवढंच म्हणतात.

"रुसला होता का तो तुझ्यावर?" मी विचारलं.

तिनं चुलीत एक लाकूड सारलं. मग आणखी एक, गरज नसताना.

"गेला तेव्हा मिसरूडही धड नव्हतं. आधी दर उन्हाळ्यात यायचा. मग लग्न केलं, मग नुसता फोन. मग फोनसुद्धा ईस्टरला. रुसला होता की विसरला होता, मला काय ठाऊक?" ती उठली. "माझ्या हातचं घेतो की नाही, एवढंच बघायचंय मला. एकदा."

तिच्या नावाचा अर्थ 'थांब' असा आहे. तिच्या आईबापांची मुलं हाताला लागत नव्हती, म्हणून हिचं नाव स्ताना ठेवलं. ही थांबली. हिची स्वतःची पहिली दोनही पाळण्यातच गेली, तेव्हा तिसऱ्याचं नाव हिनं त्राइलो ठेवलं. 'जगो' अशा अर्थाचं. आमच्याकडं नावं अशीच ठेवतात, मृत्यूला दारातच बजावून सांगितल्यासारखी.

मी "येतो" म्हणालो.

चाळिसाव्या दिवशी म्लावा नदीवरून धुकं उठलं ते दुपारपर्यंत हललं नाही. मावशीच्या मागच्या खोलीत पलंगावर कपडे मांडून ठेवले होते. पांढरा सदरा, काळी विजार, लोकरीची बंडी, नवे बूट. सदऱ्याच्या बाह्या माझ्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. बुटात पाय शिरेना. मावशीनं बाजारात जाऊन आठवणीच्या मापानं आणलं होतं सगळं, आणि तिच्या आठवणीतलं पोर कोवळं होतं.

दारात त्राइलोची मुलगी सिल्वाना उभी होती. व्हिएन्नातच जन्मली, तिथंच केस कापायच्या दुकानात कामाला आहे. आपली भाषा बोलताना ती दगडावरून दगडावर पाय टाकत ओढा ओलांडावा तशी बोलते.

"बाबाला मोठे लागायचे," ती म्हणाली. "बूट. फार मोठे."

"चालतील," मी म्हणालो आणि टाच कोंबली.

खोलीभर लांब टेबल होतं. पावांवर मेणबत्त्या रोवलेल्या, भिंतीशी काळ्या रुमालातल्या म्हाताऱ्या, कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन जीका. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची मोकळी होती. मी लंगडत जाऊन तिच्यावर बसलो, तशी सगळी बायामाणसं उठून उभी राहिली. माझ्यासाठी या गावात कधी कोणी उठलं नव्हतं. जीकासुद्धा उभा होता, आणि त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मावशी डाव्या हाताला उभी राहिली. मक्याच्या पिठाचा घाटा दोऱ्यानं कापून तिनं वाफाळता तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. मग तिचा आवाज लागला. बोलणं नव्हे, गाणं नव्हे. जात्याच्या खुंट्याला हात घातल्यावर निघतं तसं काहीतरी.

पहिला हा घास
मक्याच्या घाट्याचा
लेकाच्या वाट्याचा
धुक्यापार

"त्राइलोला पोचो," ती म्हणाली.

"बोगदाप्रोस्ते," मी म्हणालो आणि खाल्लं.

घाट्यावर मेंढीच्या दुधाचं खारं चीज कुस्करलेलं होतं. एरवी मी या एका गोष्टीसाठी डोंगर चढून जातो. आज ते माझ्यासाठी नव्हतं. पाहुण्याच्या तोंडानं जेवावं तसा मी जेवत होतो. जिभेला चव कळत होती, पण ती मला ठेवून घ्यायची नव्हती.

दुसरा हा घास
मिरची भाजली
आठवण जागली
चुलीपाशी

लसूण लावलेल्या भाजक्या लाल मिरच्या. मग आंबवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस, सार्मा. मग धुरावरचं मटण, पांढऱ्या घेवड्याची उसळ. प्रत्येक ताटलीला नाव लागत होतं, कारण ज्याच्यावर नाव नाही ते वाटेत हरवतं. पोट तट्ट झालं. मी घेत राहिलो. मावशीच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी निवळत होतं. लेक तिच्या हातचं घेत होता.

शेवटी तिनं शालीखालून बाटली काढली. झायेचारची बिअर. पहाटेपासून गिरणीखालच्या ओढ्यात ठेवली होती, काचेवर अजून एक वाळकं पान चिकटलेलं होतं. तिनं ग्लास भरून माझ्या हातात दिला.

ओढ्याच्या पाण्यात
बाटली निवली
लेका तुला दिली
घे रे आता

"त्राइलोला पोचो. कापणीच्या दिवसांत ओढ्यात पाय सोडून प्यायचा. बापाला चोरून. मला माहीत होतं."

मी "बोगदा" एवढं म्हणालो असेन, तोच मनगटावर एक हात आला. सिल्वाना.

"हे नाही," ती म्हणाली. "हे त्याला नका देऊ."

"अगं पोरी, त्याला आवडायची," मावशी म्हणाली.

"आवडायची!" सिल्वाना हसली, पण ते हसणं नव्हतं. "आजी, यानंच नेलं त्याला. हार्टनं नाही. आम्ही तुला खोटं सांगितलं. लिव्हर. सकाळी हे, दुपारी हे. पिवळा झाला होता सगळा. पोट एवढं आलं होतं. म्हणून पेटी बंद."

एक मेणबत्ती तडतडली. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढले.

"नाव घेऊन झालंय," कोपऱ्यातून जीका हलक्या आवाजात म्हणाला. "आता ते परत घेता येत नाही."

"सांडू पण नका हां," एक म्हातारी म्हणाली. "सांडलं की कुणाचंच नाही."

सिल्वानाचा हात माझ्या मनगटावर होता. मावशीचे डोळे माझ्या तोंडावर. ती मला काही विचारत नव्हती. माझ्या खुर्चीत बसलेल्या त्याला विचारत होती. प्यालो असतो तर या मुलीच्या देखत तिच्या बापाच्या घशात पुन्हा तेच ओतलं असतं. खाली ठेवला असता तर आईनं दिलेलं लेकानं नाकारलं असतं, आणि ती उरलेला जन्म तेवढंच बघत बसली असती. फेस हळूहळू खाली बसत होता. आणि एवढं सगळं होत असताना, देवाशपथ, मला ती बिअर हवी होती. इतकी सुरेख गार होती ती.

"आई," मी म्हणालो. "पाणी दे."

माझी व्लाख भाषा मोडकी आहे. पण तेवढे शब्द पोरंसोरंसुद्धा नीट म्हणतात.

"मेलेला बोलतो का कुठं?" जीका दचकून म्हणाला.

"तू गप," मघाची म्हातारी म्हणाली. "तहान लागली की बोलतो."

मावशी वळली आणि बाहेर गेली. विहिरीची साखळी वाजली. कितीतरी वेळ वाजत होती, जणू पाणी फार खाली गेलं होतं. ती परत आली ती पितळी तांब्या दोन्ही हातांनी धरून, पुढून झगा भिजवून. ओवी नाही म्हणाली. गळ्यात ओवी उरली नसावी.

"त्राइलोला," एवढंच म्हणाली.

मी ग्लास टेबलावर ठेवला, तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला. शेवटचा घोट घशाखाली जाईपर्यंत ती बघत होती.

"बोगदाप्रोस्ते."

ती खाली बसली. रडली नाही. टेबलावरच्या ताटल्यांवरून तिची नजर फिरू लागली, एकेकीवरून, हिशेब चुकलेल्या माणसासारखी.

"घाटा खायचा ना गं तो? तिकडं?" तिनं सिल्वानाला विचारलं.

"माहीत नाही, आजी."

"मिरच्या? सार्मा तरी?"

"आम्ही लहान होतो तेव्हाच तो वेगळा राहायला गेला." सिल्वाना मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं खरवडत होती. "मला त्याच्या बुटाचं माप माहीत आहे. पेटीत त्याला घालायचे मीच आणले ना."

"पण काहीतरी खात असेल. माणूस काहीतरी खातो."

"खोली रिकामी केली तेव्हा फ्रिजमध्ये दोन अंडी होती. आणि मोहरीची ट्यूब."

"अंडी," मावशी म्हणाली. टेबलावर अंडी नव्हती.

त्यानंतर पाहुणे जेवले. जेवले म्हणजे चमचे हलले. निघताना एकेक बाई माझ्या खांद्याला हात लावून गेली. जीकानं टोपी घातली, माझ्यासमोर थांबला, काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "उद्या बाकावर ये," म्हणाला, "मी पाजतो." मग त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, "कॉफी पाजतो," म्हणाला. तो भरलेला ग्लास टेबलावर तसाच होता. त्याला कुणी हात लावेना. त्याच्यावर नाव होतं आणि नाववाला आला होता, पाणी पिऊन गेला होता.

सिल्वाना आजीजवळ येऊन म्हणाली, "मी उद्याच्या बसनं जाते." मावशी म्हणाली, "जा बाई. वाटेत खायला काय देऊ?" हिला काय आवडतं, तेही तिला माहीत नव्हतं.

मी फाटकापाशी बसून बूट काढले. दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. कपडे आता माझेच होते, परत घेत नाहीत. मावशी मागोमाग आली आणि ओल्या कठड्याला टेकून उभी राहिली. धुक्यात समोरच्या घराचे सिंह दिसत नव्हते.

"त्यानं मागितलं ना रे पाणी?" ती म्हणाली. "तू नाहीस. त्यानंच?"

"त्यानंच, मावशी."

तिनं मान हलवली. पटलं म्हणून की पटवून घ्यायचं म्हणून, सांगता येणार नाही.

"राडिम, तुला काय आवडतं खायला?"

"आता? आता घासभरही नको."

"आता नाही रे. नंतर. तू गेल्यावर तुझं टेबल कोण मांडणार? मांडायला बसलं कुणी, तर त्याला ठाऊक नको?"

"तू माझ्या आधी जाशील, मावशी."

"ते मला कळतं. तरी सांग. कुणाला तरी सांगून ठेव." मग बोट उगारून म्हणाली, "बिअर सोडून."

अनवाणी पाय चिखलात टेकवून मी विचार करत बसलो. इतकी वर्षं या गावचं खाल्लं, पण असं कुणी समोर उभं राहून विचारलं नव्हतं.

"वुर्दा," मी म्हणालो. "चीज काढून राहिलेली निवळी उकळून काढतात ती. ताजी. मीठ न घातलेली."

"वुर्दा," ती पोराला शिकवलेला धडा म्हणावा तशी म्हणाली. "ताजी. मीठ घातलेली."

"न घातलेली."

"हं. न घातलेली." ओठ हलवून तिनं ते पुन्हा एकदा मनात म्हटलं. "पुढं?"