एकाच पिंजऱ्यात

उंदरांना एका जातीचे जंतू पाजले की त्यांच्या आतड्यातल्या खवळलेल्या रोगप्रतिकारक पेशी शांत होतात, हे मी शोधलं. माझा मावसभाऊ लॅबमध्ये मला वरिष्ठ. त्यानं ते सरळ स्वतःच्या नावावर एका शोधपत्रिकेत छापायला पाठवलं. वर म्हणाला, "घरातलंच आहे रे, रडतोस काय!"

मग पत्रिकेच्या परीक्षकांनी त्याला तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितला. त्यानं जागा वाचवायला जंतू पाजलेले आणि न पाजलेले उंदीर एकाच पिंजऱ्यात कोंबले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यातून जंतू सगळ्यांत पसरतात. मला माहीत होतं. मी तोंड शिवून बसलो.

परीक्षकांसमोर निकाल आला, तर सगळ्याच उंदरांच्या पेशी शांत. फरक शून्य!

"असं कसं झालं रे?" तो घामाघूम.

"घरातलंच आहे, दादा. सगळ्यांनी वाटून खाल्लं."