कागदावर न उतरलेली मॅकरोनी

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. इनॅमलचा, पांढरा, निळ्या काठाचा, चार बोटं खोल. एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि तिथून गंज डोकावतो. या घरात आता जी गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे, ती मी तुम्हाला सांगणार आहे. जिला सांगायला हवी तिच्याशी मला बोलता येत नाही.

लोखंडी पत्रा ठोकून माझा आकार केला गेला, मग मला पांढऱ्या लेपात बुडवून भट्टीत भाजलं. आगीची ओळख मला जन्मापासूनचीच. अलाबामातल्या एका लहान गावात आयडेला नावाच्या बाईने मला दुकानातून उचललं. रेल्वेरुळांपलीकडच्या एका गोऱ्या कुटुंबाकडे ती स्वयंपाकाला होती. सहा दिवस त्यांचं रांधायची आणि सातव्या दिवशी, चर्चनंतर, आपल्या माणसांचं. त्या सातव्या दिवसासाठी मी होतो. माझ्यात भाजायची ती एकच वस्तू: चीज घातलेली मॅकरोनी.

एकदा मालकिणीने गोड बोलून विचारलं, "आयडेला, यात तू घालतेस तरी काय?" आयडेलाने भोळेपणाने सगळं सांगून टाकलं. पुढच्या वसंतात मालकिणीच्या महिला मंडळाने पाककृतींचं पुस्तक छापलं. आयडेलाला वाचता येत नव्हतं. बारा वर्षांच्या लेकीने, वर्नेलने, ओट्यापाशी उभं राहून ते वाचून दाखवलं. मी तिथेच पालथा वाळत होतो.

"मम्मा, ही तर तुझी मॅकरोनी."

"खाली नाव कोणाचं आहे?"

वर्नेलने मालकिणीचं नाव वाचलं.

"परत वाच."

तिने परत वाचलं. आयडेलाने ओले हात पुसले. मग म्हणाली, "कांदा लिहिलाय का गं त्यात?"

"नाही."

"ते सांगायचं राहूनच गेलं होतं माझं. चला, एवढं तरी आपलं राहिलं." मग तिने पुस्तक मिटलं. "वर्नेल, यापुढे हे कागदावर उतरायचं नाही. कधीच नाही."

वर्नेलने तो शब्द साठ वर्षं पाळला.

मित्रांनो, आयडेला गेल्यावर मी वर्नेलच्या हातात आलो. तिचे हात मोठे, खरबरीत आणि प्रेमळ होते. ती मॅकरोनी मिठाच्या पाण्यात उकडायची, पण दाताखाली जरा लागेल एवढीच. मला लोणी चोळायची. मुरलेल्या पिवळ्या चीजचा ठोकळा हाताने किसायची. पिशवीतलं तयार किसलेलं चीज कोणी आणलं तर म्हणायची, "लाकडाचा भुसा आणलास होय गं?" एक थर मॅकरोनी, एक थर चीज, मध्ये लोण्याचे गोळे. मग डब्यातल्या आटवलेल्या दुधात अंडी फेटायची. आणि इथे आल्यावर ती हातवारे करून ओरडायची, "चला, सगळे बाहेर! दार ओढून घ्या!"

दार लागलं की ती कांदा किसायची, फडक्यात बांधून मुठीत पिळायची आणि दोन चमचे रस दुधात सोडायची. शेगडीवर पालेभाजीचं पातेलं त्याच वेळी रटरटत असायचं. त्यात कांदा पडायचाच, त्यामुळे वासाचा संशय कोणालाही आला नाही. मग ते दूध माझ्यात ओतायची, वरून लाल तिखटाची चिमूट टाकायची आणि मला ओव्हनमध्ये सरकवायची. पाऊण तासाने मी बाहेर यायचो तेव्हा माझ्या कडा खरपूस झालेल्या असायच्या. त्या चार कोपऱ्यांसाठी पोरंच काय, थोरही भांडायचे.

चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर लोक आधी ट्रेवर झाकलेला चंदेरी कागद वर करून बघायचे आणि विचारायचे, "मॅकरोनी कोणाची?" भरवशाचं नाव नसेल तर पुढे सरकायचे. मॅकरोनीच्या बाबतीत तिथे कोणी कोणाची भीड धरत नाही. "सिस्टर वर्नेलची" असं उत्तर आलं की रांगेत ढकलाढकली व्हायची. आमच्या चर्चमध्ये बायकांना सिस्टर म्हणतात, वडीलधाऱ्या बाईला मदर. लग्नं, बारशी, दफनानंतरची जेवणं, सगळीकडे मीच. दुसरी कोणी मॅकरोनी आणायची हिंमत करत नसे.

वर्नेलची एकुलती लेक रेनिटा शाळेची बस चालवते. लग्न झाल्यापासून ती विचारत होती, "मम्मा, मला शिकव ना."

"तुझी वेळ आली की शिकवीन."

"कधी येणार वेळ? मला नातवंडं झाल्यावर?"

"तोंड फार चालतं तुझं. तेवढे हात चालव, भांडी पडलीत."

दोघी हसायच्या. मीही मनात हसायचो. वेळ भरपूर आहे असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

मग वर्नेल विसरू लागली. आधी नावं, मग चर्चची वाट. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला एकदा तिने दुधात मीठ घातलं, थोड्या वेळाने परत घातलं, आणि ओव्हनचं दार उघडण्याआधी तिसऱ्यांदा. माझ्या पोटात ते मीठ मला जाळत होतं. मी काय करणार? चर्चच्या टेबलावर मला उघडलं. लोकांनी घास तोंडात घेतला, पाणी प्यायलं आणि प्लेटा हळूच कचऱ्यात रिकाम्या केल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी भरलेला घरी आलो. वर्नेल माझ्याकडे बघत म्हणाली, "लोक कमी आले होते वाटतं."

ईस्टरच्या आधी चर्चच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख मदर ऑली यांचा फोन आला. वर्नेलने तो ओट्यापाशीच घेतला.

"वर्नेल, बाई, या खेपेला तू जरा आराम कर. नुसत्या कागदी प्लेटा आण. आणि बर्फ."

मित्रांनो, जिच्या हाताला चव नाही तिला आमच्याकडे कागदी प्लेटा आणायला सांगतात. वर्नेल पुष्कळ विसरली होती, पण याचा अर्थ विसरली नव्हती. तिने फोन ठेवला, मला फडताळातून काढलं आणि उगाचच पुसत बसली. कोरडाच होतो मी.

रेनिटाला हे कळलं तेव्हा तिने ठरवलं, आता थांबायचं नाही. एका दुपारी बस लावून ती थेट इथे आली. पालेभाजी शेगडीवर होती.

"मम्मा, आज मॅकरोनी कर. मी नुसती उभी राहते. वही नाही, पेन नाही, हे बघ."

वर्नेलचं डोकं थकलं होतं, पण हात शहाणे होते. त्यांनी मला लोणी चोळलं, चीज किसलं, थर लावले. मीठ एकदाच पडलं, रेनिटाने डबा हळूच लपवला होता. अंडी फेटली गेली. रेनिटा श्वास रोखून बघत होती. माझा जीव आनंदाने फुलला होता: आणखी दोन मिनिटं, पोरी, फक्त दोन मिनिटं.

वर्नेलचा हात ओट्याखालच्या टोपलीकडे गेला आणि थांबला. ती वळली.

"तू कोण गं?"

"मम्मा, मी. रेनिटा."

"तुला तिने पाठवलंय ना? त्या बाईने?"

"कोणत्या बाईने? मम्मा, मी तुझी..."

"जाऊन सांग तिला, माझ्या आईने दिलं तेवढं पुरे झालं. आता काही मिळायचं नाही. नीघ! माझ्या स्वयंपाकघरातून नीघ आधी!"

रेनिटाने हात जोडले, तिला मिठी मारायला गेली. वर्नेलने तिला ढकललं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे. दार लागलं. पलीकडे रेनिटा लाकडाला कपाळ टेकून रडत होती, आणि अलीकडे वर्नेल कांदा किसत होती. मित्रांनो, मी आयुष्यभर आगीत बसलो, पण त्या दोन मिनिटांइतकं मला कधी भाजलं नाही.

तासाभराने दार उघडलं.

"अगं रेनिटा! कुठे होतीस? गरम आहे तोवर खा, बाळा."

रेनिटा बसली आणि तिने कोपरा खाल्ला. चव जशीच्या तशी होती, काहीही बिघडलेलं नव्हतं. डोळे पुसत ती खात राहिली. वर्नेल म्हणाली, "तिखट झाली का गं?"

"नाही, मम्मा. छान झालीय."

फेब्रुवारीत वर्नेल गेली. त्याआधीचे चार महिने ती कोणाला ओळखत नव्हती, चमच्यालाही नाही.

दफनाच्या दिवशी पहाटे उठून रेनिटाने माझ्यात मॅकरोनी केली. पाहिलेलं सगळं तिने मन लावून केलं. दुधापाशी ती थांबली. जिरं हुंगलं, मोहरीची पूड हुंगली, जायफळ हुंगलं. शेवटी मोहरीची पूड घातली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

तळघरात लोकांनी कागद वर केला.

"मॅकरोनी कोणाची?"

"रेनिटाची. वर्नेलच्या लेकीची."

तिचा मामा रूफस म्हणाला, "चमचाभरच वाढ, पोरी. आधीच दुःखाचा दिवस आहे." सगळे हसले, रेनिटाही हसली. रूफसने घास घेतला, सावकाश चावला. मग त्याने तिचा हात धरला. "चांगली आहे गं," तो म्हणाला. "पण तिची नाही." आणि तो म्हातारा माणूस प्लेटवर वाकून रडला.

दुसऱ्या दिवशी रेनिटा ओट्यापाशी बसली. दफनाच्या प्रार्थनेचा छापील कागद समोर होता, पुढे आईचा फोटो, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर तिने लिहायला घेतलं. या घरात मॅकरोनी पहिल्यांदाच कागदावर उतरत होती. उकडणं, लोणी, चीज, थर, दूध, अंडी. मग तिने लिहिलं, "यानंतर मम्मा सगळ्यांना बाहेर काढायची. इथे काय घालायची ते मला माहीत नाही."

मित्रांनो, आयडेलाचं चुकलं असं मी कसं म्हणू? तिचं चोरीला गेलं होतं. वर्नेलनेही आईचा शब्दच पाळला. पण चोरापासून राखलेलं शेवटी लेकीलाही मिळालं नाही. तुमच्या घरात कोणाच्या हातात असं काही असेल तर आजच जाऊन विचारा. एकदा नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. आणि उद्या कोणी आपलं माणूस तुम्हाला विचारायला आलं, तर त्याला जवळ उभं करून सांगा.

रेनिटाने त्या वाक्याखाली चार ओळींची जागा मोकळी सोडली आहे. कांद्याला एकच ओळ पुरली असती.