मणकेश्वर महाराजांचा महाझटका

डिंगोऱ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, एक बंद पडलेली पोल्ट्री आहे. कोंबड्या जाऊन सहा वर्षं झाली, वास अजून आहे. गेल्या चैत्रापासून तिथे दर रविवारी माणसांची रांग लागायची. रांगेतल्या एकालाही मान वळवता येत नसे, त्यामुळे मागून कुणी हाक मारली की अख्खा माणूस वळायचा. नारायणगावहून जीप भरून यायच्या, घोडेगावच्या एसटीने डोंगरातल्या बाया यायच्या. शेडच्या दाराशी बाभळीवर गळ्याचे पट्टे टांगलेले होते, शंभरेक तरी. बऱ्या झालेल्या लोकांनी ते सोडून दिले, असं सांगत. त्यातले निम्मे कोरे करकरीत कसे, हे कुणी विचारत नव्हतं.

आत मणकेश्वर महाराज. वय चाळीसच्या आसपास, भगवा टी-शर्ट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. बारा वर्षं हिमालयात आणि दोन वर्षं कोरियात तप केलं म्हणे. कोरियात तप नेमकं कुठे करतात, हे मला ठाऊक नाही.

"नस म्हणजे काय?" महाराज माइकवर विचारायचे. "नस म्हणजे ड्रिपची नळी. आणि मणका म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह चोक झाला तर शेवटच्या झाडाला पाणी जाईल का?"

"न्हाई," रांग म्हणायची.

"मग डॉक्टर काय करतो? झाडावर फवारणी. चोक व्हॉल्व्ह, आणि फवारणी झाडावर. बोला, कॉस्मिक ऊर्जा की..."

"जय."

मी सयाजी. नारायणगावात एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, अठरा वर्षं झाली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या माना आतून जेवढ्या मी पाहिल्या, तेवढ्या फार थोड्यांनी पाहिल्या असतील. त्यामुळे व्हॉल्व्ह वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण फिरून उपयोग काय, माझ्याच घरात महाराजांचा फोटो लागला होता.

घर डिंगोऱ्यात. थोरला भाऊ सोपान, त्याची बायको रत्ना वहिनी, आणि आमची आई बयाबाई. मी रविवारी जातो. शेतात टोमॅटो असतो. तोडणीच्या दिवसांत भरलेलं क्रेट डोक्यावर घेऊन सऱ्यांमधून टेम्पोपर्यंत न्यायचं. एक क्रेट वीस-बावीस किलोचं, आणि आमच्याकडे खेपा वहिनीच्या.

दोन वर्षं तिची मान दुखत होती. मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा. शेवटी ब्लाउजचे हूक लावायला ती आईला हाक मारायची आणि बांधावरून चालताना अडखळायची. अक्षय तृतीयेच्या सुमारास मी तिला दवाखान्यात नेलं, फिल्म मीच काढली. डॉक्टरांनी तिला तपासलं, फिल्म पाहिली आणि म्हणाले, "मणक्यांमधून जाणारा मज्जारज्जू दाबला जातोय असं वाटतं. एमआरआय करावा लागेल, लवकर. तोवर डोक्यावर ओझं बंद. आणि मानेला झटका कुणालाही देऊ द्यायचा नाही." तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

चिठ्ठी आईने देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली जपून ठेवली. एमआरआय तोडणी उरकल्यावर करायचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनी पुन्हा क्रेट वाहायला लागली. पुढच्या रविवारी मी घरी गेलो, ते पाहिलं, घाईचे दिवस आहेत असं स्वतःला सांगितलं आणि जेवायला बसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

मग सोपान तिला महाराजांकडे घेऊन गेला. महाराजांची रीत ठरलेली. आधी पेशंटला हात समोर ताठ धरायला लावायचा आणि वरून दाबायचा. हात खाली पडायचा. "बघा, नस मेली," महाराज माइकवर सांगायचे. मग मान दोन हातांत धरून एक झटका. कट्ट असा आवाज. तो आवाज टिपायला कॉलरवर दुसरा माइक होता. मग पुन्हा तोच हात दाबायचा, आणि आता तो हालायचा नाही. रांगेतून टाळ्या.

आणि शेवटी पथ्य. तीन दिवस डोक्यावर काही घ्यायचं नाही, हंडा नाही, दळण नाही, वाकून काम नाही. पथ्य मोडलं तर विद्या उलटते आणि घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मानेवर जाऊन बसते.

हे शेवटचं वाक्य ज्याने शोधलं त्याला मी मानतो. सोपानने तीन दिवस स्वतः क्रेट वाहिली. आईने गुडघे धरत पाणी भरलं. वहिनी तीन दिवस गोधडीवर पडून होती, लग्नानंतर पहिल्यांदाच असावी. चौथ्या दिवशी तिची मान हलकी झाली होती, आणि गावभर झालं की गुण आला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सोपानचा फोन आला. "उद्या रत्नाला महाझटका हाय. हातापर्यंत गेलेली नस एका झटक्यात सुटत नाय म्हणत्यात. हा मोठा असतो."

"दादा, डॉक्टर काय म्हणाले? झटका नाही द्यायचा."

"तुजा फोटो काय सांगतो ते मला म्हाईत नाय. हिची मान हलकी झाली, हे मी डोळ्यानं बघितलं."

सकाळी पहिली जीप धरून फिल्म घेऊन मी पोल्ट्रीवर पोहोचलो. वहिनीचा नंबर तिसरा होता, सोपान तिच्या शेजारी उभा होता. पहिल्या दोघांवर उपचार होईपर्यंत मी महाराजांच्या तोंडाकडे न बघता फक्त हातांकडे पाहिलं. आमच्या धंद्यात ती सवय लागते. दुसऱ्या पेशंटच्या वेळी मला सगळं दिसलं, आणि इतकं साधं निघालं की हसू आलं. मग वहिनी खुर्चीवर बसली आणि हसू गेलं.

"महाराज, हात लावण्याआधी ही फिल्म बघा," मी पुढे होऊन म्हणालो.

महाराजांनी ती उजेडात धरली, उलटी. बराच वेळ गंभीरपणे पाहिलं. "आभा काळी आहे," ते म्हणाले.

"एक्स-रेमध्ये काळंच असतं," मी म्हणालो. "तुम्ही मुंडकं खाली करून बघताय. ते राहू द्या. मला एक झटका देऊ द्या, तुमच्यासमोर. मान न धरता."

गर्दी खूश झाली. फुकटचा तमाशा कोण सोडतो. मी गेणभाऊंना पुढे बोलावलं. गेणभाऊ जुने पैलवान, पासष्टीचे, अजून कांद्याची गोणी एकटे उचलतात. मी त्यांचा हात समोर धरायला लावला, मनगटावर माझा हात ठेवला आणि अंगाचा भार टाकून एकदम दाबलं. हात खाली गेला. लोक चुकचुकले. मग मी डोळे मिटले आणि दिवसातून पन्नास वेळा म्हणतो ते म्हटलं, "श्वास घ्या, धरून ठेवा." पुन्हा दाबलं. हात हालला नाही.

माझी कल्पना अशी, की आता लोक विचारतील, हे कसं केलंस. लोक काही विचारेनात. मागून एकजण म्हणाला, "ह्या एक्स-रेवाल्याच्या हातातबी विद्या हाय राव." तिघेजण महाराजांची रांग सोडून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एका म्हातारीने मान पुढे केली. महाराज तर माझ्याहून हुशार. "पाहिलंत?" ते माइकवर म्हणाले. "आमची ऊर्जा संशयी माणसातही उतरली." पुन्हा जय झाला. मी खोटेपणा उघडा पाडायला गेलो होतो आणि शाखा उघडून बसलो.

तेव्हा खुर्चीवरून वहिनी बोलली. तिला मान वळवता येत नव्हती, पण मी आणि गेणभाऊ नेमके तिच्या समोर होतो.

"भावजी, परत दाबा. पर पैल्यांदा दाबलं तिथंच दाबा, मनगटाला. मंतर म्हणून."

मी मंतर म्हटला आणि मनगटाला दाबलं. हात पडला.

"आता मंतर नका म्हणू. मगाशी दुसऱ्यांदा दाबलं तिथं दाबा, कोपराजवळ."

दाबलं. हात जागचा हालला नाही.

"रानातला धोंडा उपटताना पहार कुठं धरता?" तिने रांगेला विचारलं. "टोकाला का मधी?"

"टोकाला," गेणभाऊ म्हणाले. "मधी धरल्यावर धोंडा हालंल का?" आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "आयला. आमी जलमभर पहार मारली."

एवढंच होतं ते. आधी मनगटावर, बेसावध असताना. नंतर कोपराजवळ, 'धरून ठेवा' असं सांगून. नसांचा काही संबंध नव्हता.

"महाराज," वहिनी म्हणाली, "माजा हात खरंच पडतो. कुणी न दाबता पडतो. महाझटका दिल्यावर तुमी मनगटालाच दाबणार ना?"

महाराजांनी कॉलरचा माइक काढला. "आज स्पंदनं दूषित झाली आहेत. ऊर्जा बंद."

"आन त्यो कट्ट आवाज?" रांगेतून कुणीतरी मला विचारलं.

"बोटं मोडा," मी म्हणालो. "सांध्यात पाण्यासारखा द्रव असतो. सांधा ताणला की त्यात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. घटकाभर मोकळं वाटतं. आजार त्याने जात नाही." शेडमध्ये थोडा वेळ सगळीकडून बोटं मोडल्याचा आवाज येत राहिला.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात झुंबरबाई पुढे आल्या. घोडेगावच्या पलीकडच्या डोंगरातल्या, पहाटे निघून तीन गाड्या बदलून आलेल्या. त्या चिडल्या होत्या, आणि माझ्यावर.

"खोटा हाय, कळलं मला. पर आता मी घरी जाऊन काय सांगू? ह्यानं तीन दिस सांगितलं म्हणून माज्या घरात बाप्या माणसांनी हंडा उचलला. तुज्या डागदरानं सांगितलं असतं तर उचलला असता का?"

अठरा वर्षं मी मणक्यांमधली झीज बघत आलो आणि ती झीज कशाने होते ते रोज वाटेवर बघत आलो. दोन्हींचा मेळ घालायचं काम मी केलंच नव्हतं. ते या फसव्या माणसाने केलं होतं, धाक घालून का होईना. बरं वाटायचं ते त्या तीन दिवसांनी. झटका फक्त त्याची जाहिरात होती.

"डाक्टरची चिठ्ठी दोन म्हैने देव्हाऱ्यात हाय," वहिनी सोपानकडे न बघता म्हणाली. "त्यात ह्येच लिवलंय. वाचली का कुणी?"

सोपान खुर्चीजवळ आला. म्हणाला, "ऊठ. पुण्याला जाऊ." त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि आम्ही तिघे बाहेर आलो.

आठवड्यात एमआरआय झाला, महिन्याच्या आत ऑपरेशन. सर्जन म्हणाले, या अवस्थेत मानेला जोराचा झटका बसला असता तर गळ्याखालचं शरीर कायमचं लुळं पडू शकलं असतं. सोपान बाहेरच्या बाकावर बसून रडला. आता वहिनी हूक स्वतः लावते. दोन बोटांना मुंग्या अजून येतात, त्या कदाचित राहतील. फिजिओथेरपीच्या मॅडम दवाखान्यात तिचे खांदे हाताने मोकळे करतात, व्यायाम शिकवतात, त्याने आराम पडतो. हाताच्या उपचारात खोटं काही नाही. पण त्या आधी रिपोर्ट वाचतात, तपासतात, आणि मानेला झटका देत नाहीत. क्रेट आता हातगाडीवरून जातात. गाडी सोपान ओढतो. महाराज दुसऱ्या तालुक्यात गेले, सध्या गुडघे बघतात असं कानावर आलं.

तेव्हा वाचकहो, कुणी तुमचा हात दाबून चमत्कार दाखवला, तर दोन्ही वेळा एकाच जागी दाबायला सांगा. मानेत दुखून हाताला मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असतील, चालताना तोल जात असेल, तर झटका देणाऱ्याच्या खुर्चीवरून उठा आणि दवाखाना गाठा. आणि घरातल्या बाईने विश्रांती घ्यावी म्हणून कुणाच्या विद्येचा धाक लागत असेल, तर अंधश्रद्धा पोल्ट्रीत शोधू नका, घरात शोधा. रत्ना वहिनी दोन वर्षं आम्हाला सांगत होती, मान दुखते. ते ऐकू यायला आम्हाला महाराज लागला.