डाळीत राहिलेले खडे

मित्रांनो, माकणीच्या हरणाबाईंच्या स्वयंपाकघरात खुंटीला एक जुनं सूप दिसलं, तर ते मीच. नळदुर्गच्या एका बुरुडाने मला बांबूच्या कामट्यांनी घट्ट विणलं. पाखडताना कोंडा उडतो, दाणा मात्र सुटत नाही, याचा मला भारी तोरा होता.

खरं कौतुक मिळालं ते सून दीपमाला घरात आल्यावर. तुरीची डाळ निवडताना तिची बोटं भराभर चालत. हरणाबाई शेजारणींना सांगत, "दीपमालानं निवडलेल्या डाळीत खडा घावला तर माझं नाव बदलून ठिवीन."

मग तिला दिवस गेले आणि आठव्या महिन्यात डाळीत खडे राहू लागले. एकदा सासऱ्यांच्या, मल्लिनाथरावांच्या, दाताखाली कचकन खडा आला. हरणाबाईंचं डोकंच फिरलं. मला डाळीसकट उचलून त्या शेजारी गेल्या. "बघा, ही निवडलेली डाळ! म्हायेराची ओढ लागलीय, ध्यानच न्हाय कामात."

दीपमालाची बोटं सुजली होती, बांगड्या मनगटात रुतत होत्या. "आत्याबाई, डोकं लई ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवं चमकतात," असं तिनं आधीच सांगितलं होतं. "व्हतंच असं. आमाला काय लेकरं झाली न्हाईत?" म्हणून हरणाबाईंनी विषय मिटवला होता. तिचं बोट खड्याला लागायचं आणि तसंच पुढं सरकायचं. मला सगळं कळत होतं. बोलता येत नाही याचं दुःख आहेच, पण तिच्यावर आळ घ्यायला माझाच पुरावा झाला, याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई तिच्यासमोर बसल्या. डाळीतल्या काळ्या खड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो सुदीक दिसंना का तुला?"

दीपमाला माझ्यावर वाकली. डाळीवरून बोटं चाचपत म्हणाली, "आत्याबाई, खडा कुठला, मला तुमचा हातच दिसंना."

हरणाबाई मला ढकलून उठल्या, डाळ घरभर सांडली. "मल्हार, गाडी काढ!" त्यांनी मुलाला हाक मारली.

पुढचं मला घरातल्या बोलण्यातून कळलं. दवाखान्यात रक्तदाब फार वाढलेला निघाला. डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली पाणी साचलं होतं. उशीर झाला असता तर झटके येऊन आई आणि बाळ दोघंही हातचे गेले असते. बाळाला वेळेआधीच बाहेर काढावं लागलं. मुलगी झाली. नजर बहुतेक परत येईल, पण हळूहळू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

घरी आल्यावर दीपमालानं लेकीच्या तोंडावरून बोटं फिरवली. "आत्याबाई, कुणावर गेलीय ही?"

डाळ आता हरणाबाईच निवडत होत्या. त्यांची आसवं माझ्यातल्या डाळीवर पडत राहिली.

मित्रांनो, गरोदर बाईच्या हातून काम चुकलं तर आधी रागावू नका. तिचं डोकं दुखतंय का, तिला नीट दिसतंय का, हे विचारा आणि लगेच तिचा रक्तदाब मोजून घ्या.

हरणाबाई आता दिवसातून कितीदा तरी विचारतात, "दिसतंय का गं?" दीपमाला त्यांना बरं वाटावं म्हणून हसते आणि म्हणते, "थोडं थोडं." आणि तसं म्हणताना ती भलत्याच दिशेला बघत असते.